महासंगणकाच्या आज्ञावली संशोधकांच्या हाती

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील 'अर्क' हा महासंगणक २६ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आला. त्याची गणनक्षमता ११.७७ पेटाफ्लॉप एवढी आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे एका सेकंदात एकावर पंधरा शून्ये इतक्या आकडेमोडी. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त संख्यास्थानांची जी नावे दिली आहेत, त्यांत या संख्येला 'अंत्य' असे नाव आहे. अशी अकरा अंत्यांहून अधिक गणिते हे यंत्र एका सेकंदात उरकते. या बळावरच २६ मे २०२५ पासून हवामानाचा अंदाज ६ किलोमीटर अंतराच्या जाळ्यावर वर्तविण्यात येऊ लागला. पूर्वी हे अंतर १२ किलोमीटर होते. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत पातळीवर हवामानाचा अंदाज देण्याची जी योजना सुरू झाली, तिच्यामुळे महासंगणक हा विषय आता केवळ शास्त्रज्ञांचा राहिलेला नाही. पेरणी केव्हा करावी, फवारणी आज करावी की उद्या, या प्रश्नांशी त्याचा संबंध आला आहे.

यंत्राचे आकडे वर्तमानपत्रांत छापून येतात. यंत्राकडून काम करून घेणाऱ्या आज्ञावलीविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. वस्तुतः महासंगणक आणि संशोधक यांच्यामध्ये जी भिंत उभी असते, ती बहुधा यंत्राच्या अभावाची नसून आज्ञावलीच्या दुर्लभतेची असते.

परमपासूनचा धडा

ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजेच सी-डॅकची, स्थापना १९८८ साली झाली आणि अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली पुण्यात 'परम ८०००' तयार झाला. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळण्यात अडचणी आल्या, म्हणून हा मार्ग पत्करावा लागला, हे सर्वश्रुत आहे. तितके सर्वश्रुत नसलेले असे की, त्या यंत्राबरोबरच 'परास' नावाची आज्ञावली-व्यवस्थाही निर्माण करावी लागली. कारण 'परम' हे एकच मोठे यंत्र नव्हते. ट्रान्सप्यूटर नावाचे अनेक लहान प्रक्रियक एकत्र जोडून ते बनविलेले होते. एका प्रक्रियकासाठी लिहिलेली आज्ञावली अशा यंत्रावर जशीच्या तशी चालवून वेग वाढत नाही. काम वाटून द्यावे लागते आणि वाटून दिलेल्या कामकऱ्यांनी एकमेकांना निरोप कसे पाठवावेत, हेही ठरवावे लागते. शेतात दहा माणसे कापणीला लावली, तरी कोणी कोणत्या सरीला लागावे हे सांगणारा मुकादम नसेल, तर दहा माणसांचे काम होत नाही. तसेच हे आहे.

निरोप पाठविण्याच्या या पद्धतीला १९९४ साली 'एमपीआय' या नावाने जगभर मान्य झालेले प्रमाण लाभले. त्यामुळे एका ठिकाणी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या ठिकाणच्या महासंगणकावर चालविणे तत्त्वतः शक्य झाले. 'तत्त्वतः' हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे.

अडचण नेमकी कोठे

एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या अध्यापिकेला कोकणातील अतिवृष्टीचा अभ्यास करावयाचा आहे, असे समजू. या कामासाठी 'डब्ल्यूआरएफ' नावाची हवामानाची आज्ञावली जगभर वापरली जाते. ती अमेरिकेच्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्राच्या पुढाकाराने तयार झाली असून विनामूल्य आहे. महासंगणकावर काम करण्याची परवानगीही या अध्यापिकेला मिळालेली आहे. मग अडले कोठे?

ही आज्ञावली बाजारातून आणून लावण्याच्या वस्तूसारखी नसते. ती मूळ मजकुराच्या, म्हणजे फोरट्रॅन भाषेत लिहिलेल्या सूचनांच्या, स्वरूपात मिळते. कंपायलरच्या साहाय्याने त्या सूचनांचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करावे लागते. आकडेवारी साठविण्यासाठी तिला 'नेटसीडीएफ' या दुसऱ्या आज्ञावलीचा आधार लागतो. नेटसीडीएफला 'एचडीएफ५' लागते. तिला आकडेवारी दाबून बसविणारी आणखी एक लागते. शिवाय वर सांगितलेले एमपीआय आहेच. हे सर्व असले, तरी भागत नाही. नेटसीडीएफचा फोरट्रॅन भाग ज्या कंपायलरने बांधला असेल, त्याच कंपायलरने डब्ल्यूआरएफही बांधावी लागते. एका कंपनीच्या कंपायलरने तयार केलेली फोरट्रॅनची जोडपत्रे दुसऱ्या कंपनीच्या कंपायलरला वाचता येत नाहीत. महासंगणकावर नेटसीडीएफ आधीपासून असते, पण ती भलत्याच कंपायलरने बांधलेली असते, असा अनुभव नेहमीचा आहे. पडद्यावर चुकीच्या संदेशांची रांग उमटते आणि त्या संदेशांत खरा दोष कोणता, हे सांगणारा शब्द क्वचितच असतो.

मोठ्या संस्थेत अशा वेळी शेजारच्या खोलीत विचारता येते. जिल्ह्याच्या ठिकाणी शेजारची खोली रिकामी असते. हवामानाचा अभ्यास करण्यासाठी मिळालेल्या सुट्टीचे दिवस आज्ञावली बांधण्यातच खर्ची पडतात आणि पुष्कळदा विषयच सोडून दिला जातो. या सोडून दिलेल्या विषयांची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही.

याला आणखी एक बाजू आहे. महासंगणक हे सामाईक यंत्र असल्याने तेथे सामान्य वापरकर्त्याला व्यवस्थापकाचे अधिकार नसतात व ते नसणेच योग्य. पण त्यामुळे घरच्या संगणकावर चार आज्ञांत होणारी मांडणी तेथे करता येत नाही. प्रत्येक जण आपापल्या खात्यात तीच आज्ञावली वेगवेगळ्या प्रकारे बांधत बसतो. एकाच यंत्रावर एकाच आज्ञावलीच्या अनेक प्रती तयार होतात. त्यांतील काही मंद गतीने चालतात, तर काही थोडी वेगळी उत्तरे देतात. ज्या शोधनिबंधातील आकडे दुसऱ्याला पुन्हा काढून पाहता येत नाहीत, त्याचे शास्त्र म्हणून मोल कमी होते, ही गोष्ट शिक्षक-वाचकांना सांगावयास नको.

कपाटे लावण्याची कला

या अडचणीवर पहिला उपाय १९९१ साली पुढे आला. 'मॉड्यूल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत महासंगणकावर एकाच आज्ञावलीच्या अनेक आवृत्त्या निरनिराळ्या कप्प्यांत ठेवलेल्या असतात. वापरकर्त्याने हव्या त्या आवृत्तीचे नाव उच्चारले की तेवढाच कप्पा त्याच्यापुरता उघडतो. काम संपल्यावर तो बंद करता येतो. शेजारी बसलेला दुसरा संशोधक त्याच वेळी वेगळी आवृत्ती वापरू शकतो. ही साधी दिसणारी युक्ती आजही जगातील बहुतेक महासंगणकांवर रोजच्या वापरात आहे. तिची मर्यादा अशी की, कप्प्यात माल कोणीतरी आधी भरावा लागतो.

हा माल भरण्याचे काम हाताने करणे अशक्यप्राय झाल्यावर दोन मोठे प्रयत्न झाले. बेल्जियममधील गेंट विद्यापीठात २००९ साली 'ईझीबिल्ड' या साधनाचे काम सुरू झाले आणि २०१२ साली ते सर्वांसाठी खुले करण्यात आले. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत टॉड गॅम्ब्लिन यांनी २०१३ साली 'स्पॅक' या साधनाचा प्रारंभ केला. दोहोंमागील विचार एकच आहे. एखादी आज्ञावली कशी बांधावी याची कृती एकदा नीट लिहून ठेवावयाची. त्यानंतर ती कृती यंत्रानेच पार पाडावयाची. स्वयंपाकघरात आजीच्या हाताला जे ठाऊक असते ते कागदावर उतरले, म्हणजे सुनेला आणि नातीलाही तोच पदार्थ करता येतो. स्पॅकच्या संग्रहात अशा हजारो कृती जमल्या असून त्या लिहिणारे लोक जगभर विखुरलेले आहेत.

स्पॅकची खुबी याहून पुढची आहे. कोणती आज्ञावली, कोणती आवृत्ती, कोणता कंपायलर, कोणत्या जातीचा प्रक्रियक, एवढे सांगितले की आधारभूत आज्ञावलींच्या आवृत्त्यांचा एकमेकींशी मेळ बसतो की नाही, हे ते साधन स्वतः तपासते. मेळ बसत नसेल, तर बांधणीला हात घालण्यापूर्वीच तसे कळविते. वरील उदाहरणातील अध्यापिकेचा पंधरवडा ज्या गोंधळात गेला असता, तो गोंधळ येथे पहिल्या पायरीवरच उघड होतो. शिवाय काय, कशाच्या आधारे बांधले, याची पूर्ण नोंद राहते. ती नोंद दुसऱ्या महासंगणकावर नेली की तेथेही तशीच मांडणी करता येते.

तरीही ही साधने म्हणजे जादूची कांडी नव्हे. कृती लिहिणाऱ्याने ज्या यंत्राचा विचार केला नाही, त्या यंत्रावर ती फसते. आणि फसली की पुन्हा जाणता माणूस लागतो.

बांधून दिलेली शिदोरी

दुसरा मार्ग 'कंटेनर'चा. यात आज्ञावली आणि तिला लागणारा सर्व परिवार एकाच फाइलमध्ये बांधून दिला जातो. प्रवासाला निघताना शिदोरी सोबत घेतली की वाटेतल्या गावात काय मिळेल याची चिंता राहत नाही, तसाच हा प्रकार. सर्वसाधारण संगणकांवर हे काम 'डॉकर' करते. परंतु त्याला व्यवस्थापकाचे अधिकार लागत असल्याने महासंगणक केंद्रे त्याला दारात उभे करीत नसत. ही अडचण ध्यानात घेऊन अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत 'सिंग्युलॅरिटी' तयार झाली. वापरकर्त्याला जेवढे अधिकार आहेत, तेवढ्यांतच ती चालते. २०२१ साली तिची मुख्य शाखा लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेली आणि तिचे नाव 'ॲपटेनर' असे झाले.

शिदोरीलाही मर्यादा असते. सर्वत्र चालावी म्हणून सर्वसामान्य प्रक्रियकासाठी बांधलेली आज्ञावली नव्या प्रक्रियकातील खास सूचनांचा लाभ उठवू शकत नाही, म्हणजेच महागड्या यंत्राचा वेग काही अंशी वाया जातो. शिकण्यासाठी आणि लहान कामांसाठी कंटेनर उत्तम. महिनोन्‌महिने चालणाऱ्या मोठ्या कामासाठी आज्ञावली त्या यंत्रावरच बांधणे हिताचे ठरते.

एक देश, एक संग्रह

कॅनडाने याबाबतीत घालून दिलेला पायंडा अभ्यासण्याजोगा आहे. तेथे राष्ट्रीय पातळीवरील निरनिराळ्या महासंगणकांसाठी आज्ञावलींचा एकच संग्रह मध्यवर्ती गटाने तयार केला. स्वित्झर्लंडमधील सर्न या अणुकेंद्र संशोधन संस्थेने स्वतःच्या प्रयोगांसाठी विकसित केलेल्या एका वितरण पद्धतीने तो सर्व केंद्रांना पुरविला जातो. या पद्धतीत सगळा संग्रह प्रत्येक ठिकाणी उतरवून घ्यावा लागत नाही. ग्रंथालयातील सूची सर्वांपुढे असते, पण जे पुस्तक मागितले तेवढेच कपाटातून येते. संशोधक एका शहरातून दुसऱ्या शहरातील यंत्राकडे गेला, तरी त्याला तीच नावे आणि त्याच आवृत्त्या आढळतात. युरोपातील काही विद्यापीठे व संस्था 'ईसी' या संक्षिप्त नावाच्या प्रकल्पातून याच धर्तीचा सामाईक संग्रह उभारीत आहेत. त्यात प्रत्येक जातीच्या प्रक्रियकासाठी वेगळी बांधणी ठेवलेली असल्यामुळे वेगाची हानीही टळते.

याच्या जोडीला दार सोपे करण्याचेही प्रयत्न झाले. महासंगणकाशी बोलावयाचे तर काळ्या पडद्यावर आज्ञा टंकित कराव्या लागतात आणि काम रांगेत लावावे लागते. नव्या माणसाला ही रांगच अपरिचित असते. ओहायो महासंगणक केंद्राच्या 'ओपन ऑनडिमांड' या साधनामुळे हे सर्व ब्राउझरच्या पानावरून करता येते. पर्ड्यू विद्यापीठाने तर २००२ सालापासूनच 'नॅनोहब'द्वारे अतिसूक्ष्म पदार्थविज्ञानाच्या आज्ञावली विद्यार्थ्यांना थेट पानावर चालवावयास दिल्या. विद्यार्थी आकडे भरतो, गणित दूरच्या यंत्रावर होते आणि आलेख त्याच्यासमोर येतो.

आपल्याकडील स्थिती

केंद्र शासनाने २०१५ साली ४,५०० कोटी रुपये अंदाजित खर्चाचे राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर केले. विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय यांच्या देखरेखीखाली पुण्याची सी-डॅक आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी ते राबविले. पुण्यातील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत 'परम ब्रह्म' उभा राहिला. खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या संशोधनासाठी 'परम रुद्र' मालिकेतील यंत्र २०२४ साली मिळाले. मार्च २०२५ पर्यंत देशात या अभियानाखाली ३४ महासंगणक आणि एकूण ३५ पेटाफ्लॉप क्षमता उभी राहिली. २०० हून अधिक शैक्षणिक संस्थांतील १०,००० हून अधिक संशोधकांना त्यांचा लाभ झाल्याचे शासनाने जाहीर केले आहे.

ही प्रगती निःसंशय मोठी आहे. परंतु देशात महाविद्यालयांची संख्या सुमारे ४५,००० आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. प्रत्येक महाविद्यालयाला महासंगणक लागतो असे मुळीच नाही. ज्यांना लागतो त्यांतील कितीजण दारापर्यंत येऊन परत जातात, हा खरा प्रश्न आहे.

अभियानात आज्ञावलींना स्थान मिळाले, ही समाधानाची बाब होय. महानदीच्या खोऱ्यातील पुराचे पूर्वानुमान करण्यासाठी सी-डॅकने केंद्रीय जल आयोगाच्या सहकार्याने केलेले काम याचे चांगले उदाहरण आहे. जनुकीय अभ्यास, औषधशोध, शहरी पर्यावरण या विषयांवरही काम झाले. मनुष्यबळासाठी खरगपूर, मद्रास, पालक्काड आणि गोवा येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थांत प्रशिक्षणाची केंद्रे नेमण्यात आली. कोकणातील व दक्षिण महाराष्ट्रातील शिक्षकांना गोव्याचे केंद्र अंतराने जवळचे आहे.

अभियानाच्या आधीपासूनचा आणखी एक प्रयत्न उल्लेखनीय वाटतो. अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी निवडक मुक्त आज्ञावलींचा एक संच सी-डॅकने तयार केला व त्याला 'ओनामा' असे नाव दिले. 'ओनामासिधं' म्हणून पाटीवर पहिले अक्षर गिरविणाऱ्या मराठी माणसाला या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बांधणीची कटकट शिक्षकावर न टाकता बांधलेला संच त्याच्या हाती द्यावा, हा त्यातील विचार फार योग्य होता.

खर्चाच्या पद्धतीकडेही पाहावे लागेल. शोधनियतकालिकांसाठी 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आणि सुमारे १३,००० नियतकालिके, असा तिचा विस्तार आहे. आडगावच्या सरकारी महाविद्यालयालाही जे वाचावयास मिळू शकते, ते गणित करून पाहण्याचे साधन मात्र त्याच सुलभतेने मिळत नाही. वास्तविक बहुतेक शास्त्रीय आज्ञावली फुकट आहेत. रेणूंच्या हालचालींचा अभ्यास करणारी 'ग्रोमॅक्स' नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठात जन्मली आणि सर्वांना खुली आहे. पदार्थांच्या इलेक्ट्रॉन-रचनेसाठी 'क्वांटम एस्प्रेसो', द्रवांच्या प्रवाहासाठी 'ओपनफोम' याही विनामूल्यच. व्हिएन्ना विद्यापीठातील 'व्हास्प'सारख्या काहींना परवाना लागतो. म्हणजे खर्च येतो तो मुख्यतः बांधणाऱ्या व सांभाळणाऱ्या माणसांचा. निविदेत यंत्रासाठी कोट्यवधींची तरतूद असते. या माणसांसाठी स्वतंत्र रकाना सहसा आढळत नाही.

यंत्राचे आयुष्य थोडे असते. पुण्याच्याच संस्थेत २०१८ साली आलेल्या 'प्रत्यूष'नंतर सहा वर्षांत 'अर्क' आला. आज्ञावली मात्र दशकानुदशके चालतात आणि दर नव्या यंत्रावर त्यांना पुन्हा वसवावे लागते. हे पुनर्वसनाचे काम करणाऱ्यांना ब्रिटनमध्ये २०१२ पासून 'संशोधन आज्ञावली अभियंता' असे नाव मिळाले व २०१९ मध्ये त्यांची स्वतंत्र संस्थाही झाली. नाव मिळाल्याने पद निर्माण करणे, वेतनश्रेणी ठरविणे व बढतीचा मार्ग आखणे या गोष्टी प्रशासनाला शक्य होतात. आपल्या विद्यापीठांत हे काम बहुधा पीएच.डी.चा एखादा विद्यार्थी करतो आणि पदवी घेऊन तो बाहेर पडला की त्याच्याबरोबर ते ज्ञानही निघून जाते. विद्यापीठांच्या आकृतिबंधात असे एखादे पद दाखविण्याचा विचार संबंधित अधिकाऱ्यांनी करण्यास हरकत नाही.

अर्ज करणाऱ्या शिक्षकांसाठी

महासंगणकावर वेळ मागणाऱ्या शिक्षकांनी काही पूर्वतयारी केल्यास काम हलके होते. आज्ञावलीचे नुसते नाव न देता आवृत्तीचा क्रमांक द्यावा. तीच आवृत्ती यंत्रावर मॉड्यूलच्या यादीत आहे काय, हे आधी विचारावे. थोडी वेगळी आवृत्ती चालण्यासारखी असेल, तर नवी बांधणी टाळावी. आपला प्रश्न लहान करून, म्हणजे उदाहरणार्थ महिन्याऐवजी एका दिवसाचा पाऊस घेऊन, प्रयोगशाळेतील संगणकावर एकदा चालवून पाहावा. त्यानंतर तेच काम महासंगणकाच्या एक, दोन, चार आणि आठ घटकांवर चालवून प्रत्येक वेळी लागलेला वेळ लिहून ठेवावा. घटक दुप्पट केल्यावर वेळ जवळजवळ निम्मा होत असेल, तोवर अधिक घटक मागण्यात अर्थ आहे. वेळ कमी होणे थांबले, की त्यापुढचे घटक रांगेतील दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडतील. एवढ्या चार ओळींचा तक्ता अर्जासोबत जोडल्यास, मागितलेले तास कशासाठी हवेत याविषयी छाननी समितीला वेगळी विचारणा करावी लागत नाही.